साहेबांनी आणलेला चहा

माणूस पोटासाठी नोकरी करतो, हा एक जुना गैरसमज आहे. पोट कशानेही भरते. नोकरी करायची ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी.

तेजस चौधरी (वय लग्नाचे) जळगावात केळी निर्यात करणाऱ्या एका डच कंपनीत होता. पगार घसघशीत, शनिवार-रविवार सुट्टी, तक्रारीला जागाच नाही. आणि शंका यावी अशी बाबही हीच होती. कंपनीच्या धोरणानुसार सगळे समान. त्यामुळे केबिन नाही, टेबलावर घंटी नाही, हाक मारायला शिपाई नाही. हेन्ड्रिक साहेब स्वतःचा कप स्वतः विसळत. (एवढा शिकलेला माणूस, पण वळण नाही.)

सावद्याच्या डिंपलचे स्थळ आले. तेजसला ती मनापासून आवडली. मग तिचे काका तोतारामनाना रिवाजाप्रमाणे मुलाची नोकरी बघायला आले. बाह्या सारून कप विसळणारा गोरा माणूस दिसताच त्यांनी फर्मावले, "भाऊ, दोन चहा आन बरं!"

एवढे मराठी साहेबांना येत होते. त्यांनी आनंदाने आणला, वर साखरेचेही विचारले.

"मानूस चांगला ठेवला तुम्ही," नाना खूश होऊन म्हणाले. "कोन हा?"

"आमचे साहेब."

नानांनी कप खाली ठेवला. "ज्या कंपनीले शिपाई परवडत नही, तिचा काय भरवसा?"

तेजसचे धाबे दणाणले. त्याने साहेबांना गाठले. साहेबांनी पगारवाढ देऊ केली, घरून काम करायची मुभा देऊ केली.

"ते काही नको, सर. नाना पुन्हा येतील तेव्हा तुम्ही फक्त खुर्चीवरून उठू नका."

कर्मचाऱ्याच्या भावनांचा आदर हेही धोरणच होते. नाना आले तेव्हा साहेब खुर्चीला चिकटून बसले. त्यांना फार जड गेले. पण मग चहा आणायला कोणी उरले नाही, म्हणून तेजसनेच आणला.

"पोऱ्या तं शिपाईच निघाला!" म्हणत नाना उठले आणि स्थळ मोडले. तेजसला हे फार लागले. (साहेबांनी त्याला दोन दिवस भरपगारी रजा दिली.)

डिंपल सावद्याच्या एका पतसंस्थेत अकाउंटंट आहे. तिथे शिपाई आहे, तरी सगळ्यांचा चहा रोज तीच करते. (बाईच्या हातचा बरा लागतो, असे ठराव न मांडताच मंजूर झाले आहे.) तिची नोकरी बघायला कोणी गेले नाही. आणि वाचकहो, तिला काय हवे होते, हे इथवर तुम्हीही विचारले नाहीत.