प्रतिक्रिया अवश्य लिहा

वाचनालयाच्या भिंतीवर शेवटचा फोटो टांगून होईपर्यंत ग्रंथपाल बाईंच्या कंबरेने राजीनामा दिला होता. प्रदर्शनाची कल्पना त्यांची नव्हती, दातांच्या डॉक्टरांची होती. निवृत्त झाल्यावरही डॉक्टरांची डोकावायची सवय मोडेना. मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि लोकांच्या जबड्यांऐवजी गच्च्यांत, खिडक्यांत, बोळांत डोकावायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोखाली त्यांनी एक कोरा कागद लावला, दोरीने पेन बांधलं आणि वर पाटी लिहिली, ‘प्रतिक्रिया अवश्य लिहा’.

“लोकांनी व्यक्त व्हायला हवं, बाई,” ते म्हणाले.

“होतात हो लोक व्यक्त. नंतर आवरायला मी असते,” बाई म्हणाल्या.

पहिले दोन दिवस ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘पंखा हळू फिरतो’ यापलीकडे कुणी व्यक्त झालं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या फोटोसमोर थबकल्या आणि खालच्या कागदावर ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिलं, ‘ही निळ्या चौकटीची चादर माझी आहे.’

तासाभरात खालच्या मजल्यावरच्या काकू हजर झाल्या.

“निळी चादर काय जगात एकच असते?”

“कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे. आमच्या ह्यांनी पाडलाय. त्यांचं एवढं एकच घरकाम मला आठवतं, ते कशी विसरेन?”

दोघीही बाईंकडे वळल्या. बाईंनी थकलेला सुस्कारा टाकला आणि म्हाताऱ्या वाचकांसाठी ठेवलेलं भिंग काढलं. डाग होता. खालच्या काकू म्हणाल्या, “मग वाऱ्याने उडून आली असेल,” आणि चादर आणायला निघून गेल्या.

झालं. फोटोंत हरवलेल्या वस्तू सापडतात, ही बातमी वस्तीभर पसरली. ज्यांनी आयुष्यात वाचनालयाची पायरी चढली नव्हती ते भिंगासाठी रांग लावून उभे राहिले. डॉक्टरांनी जो मावळता प्रकाश टिपायला तासभर उकिडवं बसून गुडघे गमावले होते, त्या प्रकाशात लोक आपापल्या बादल्या शोधत होते.

मग शिडी सापडली. सोसायटीची शिडी चोरीला गेली म्हणून सगळ्यांनी मिळून वॉचमनचं डोकं खाल्लं होतं. ती फोटोत सेक्रेटरींच्या बाल्कनीत ऐटीत उभी होती आणि तिच्यावर वेल चढला होता.

“आता काढली तर वेल मरेल,” सेक्रेटरी म्हणाले.

“मग शिडी वेलाच्या नावावर करून टाका,” मागून कुणीतरी म्हणालं.

“डॉक्टर, हा फोटो आधी उतरवा,” सेक्रेटरी म्हणाले.

“ती कलाकृती आहे,” डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले.

“कलाकृती गेली खड्ड्यात. पुरावा आहे तो, कुणी हात लावायचा नाही,” रांगेतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. त्यांना बारीक ताप होता आणि प्रदर्शन संपेपर्यंत तो उतरेल असं वाटत नव्हतं.

त्या सकाळी बाई कुलूप काढायला गेल्या तर पायरीवर दोन छत्र्या, एक पातेलं, सायकलचा पंप आणि झाकण नसलेला कुकर. कुणी ठेवलं याचा पत्ता नाही. आपल्याकडची दुसऱ्याची वस्तू कुठल्या फोटोत दिसली तर, या धास्तीने लोक आधीच मोकळे होत होते. घेतलेलं पुस्तक परत करायला वर्षं लावणारी हीच माणसं पातेली मात्र रातोरात आणून देत होती. बाईंनी कुकर उचलून कवितांच्या कपाटाशेजारी ठेवला. दुसरीकडे जागा नव्हती.

शनिवारी तर मुंगीला शिरायला वाव नव्हता. बंद करायची वेळ टळून गेली. “आटपा आता, मलाही घर आहे,” असं बाईंनी आर्जवाने सांगितलं, मग दरडावून सांगितलं. कुणी मान वळवली नाही.

तेवढ्यात सलूनचे मालक खुद्द वाचनालयाच्याच फोटोसमोरून निघून टेबलाशी आले. त्या फोटोत खिडकीतून बाई काम करताना दिसत होत्या.

“बाई, राग मानू नका. पण तुम्ही बसलाय ती खुर्ची आमची आहे.”

आता मात्र सगळ्या माना वळल्या.

“कशावरून?” बाईंनी विचारलं, पण त्यांना आठवलं होतं. मागे एका व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या म्हणून सलूनमधून आणल्या होत्या. बाकीच्या परत गेल्या. ही पाठीला बरी वाटली, म्हणून आज देऊ, उद्या देऊ करत राहून गेली.

“मागच्या पायावर दुकानाचं नाव कोरलंय.”

बाई उठल्या, वाकल्या. नाव होतं.

“न्या,” त्या म्हणाल्या.

“तसं नाही, बाई. तुम्ही बसा. मी आपलं सांगितलं.”

“न्या हो.”

ते ओशाळून खुर्ची डोक्यावर घेऊन निघाले. बाई टेबलावर दोन्ही हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. कान तापले होते. आता लोक काय बोलतात याची त्या वाट पाहत होत्या.

“बाई उठल्या. बंद करतायत वाटतं,” दाराजवळची एक जण म्हणाली.

“हो का? चला मग.”

भिंग टेबलावर परत आलं. चपला सरकल्या, जिना वाजला आणि चहाचा कप निवावा एवढ्या वेळात हॉल रिकामा झाला. बाई पंख्याच्या संथ आवाजात एकट्याच उभ्या होत्या. एवढी वर्षं आपण उगाच घसा कोरडा केला, नुसतं उठून उभं राहायचं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. रोज उभ्यानेच काम करावं की काय, असा विचार मनात आला. पायांनी तो तिथल्या तिथे फेटाळला.