मुनीरभाईंची पुठ्ठ्याची चकती

मुनीरभाई बोलता बोलता समोरच्याच्या तोंडापुढे पुठ्ठा हलवतात. सायकलच्या चाकाची तार आणि तिच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती. "ऊन पडून राहिलं तोंडावर, काळे याल," म्हणतात. हट्ट्यात त्यांच्या फोटो स्टुडिओला लागून माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे हा वारा मला रोज फुकट मिळतो.

चकतीचं खरं काम अंधाऱ्या खोलीतलं. फोटोच्या कागदावर उजेड जास्त पडला की तो काळा होतो. म्हणून मुनीरभाई चेहऱ्याच्या जागी चकतीची सावली धरत, तीही हलती. "हलवत ऱ्हायचं. थांबला की डाग." गावातल्या भिंतींवरचे सगळे म्हातारे त्यामुळे खऱ्यापेक्षा चांगलेच उजळ आहेत. एका लग्नात तर मुलीचा मामा नवरदेवाकडे बघून म्हणाला, "हे न्हाई. ते फोटोतलं पोरगं आणा." मुनीरभाई लगेच पुढे होऊन नवरदेवाच्या तोंडापुढे चकती हलवू लागले. पाहुण्यांना वाटलं करणी करतोय. मुनीरभाईंना मांडवाबाहेर काढलं, जेवणही नाही.

बाकीची हत्यारंही घरचीच. तेलाच्या डब्यात बल्ब बसवून केलेलं फोटो मोठा करायचं यंत्र. मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच, कारण त्या कागदाला लाल उजेड तेवढा चालतो. फोटो उमटवायला कॉफी आणि धुण्याचा सोडा. पाहुण्याला मात्र चहाच, कॉफी गिऱ्हाइकासाठी.

आता गिऱ्हाईकच उरलं नाही. मोबाईलनं धंद्याची पार माती केली, आणि हा माणूस दिवसभर पुठ्ठे कातरत बसतो. मला वैताग यायचा. "कुणासाठी कापून राहिले, मुनीरभाई?" विचारलं तर म्हणायचे, "कापून ठेवलेलं बरं ऱ्हातंय, दिगूभाऊ."

मागच्या वर्षी त्यांची बायको, शमीमभाभी, गेली. तेव्हा कळलं की साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्यानं बायकोचा एकही काढला नव्हता. "घरचीच हाय, काढू कवाबी," असं करता करता राहून गेलं. मी म्हटलं, आधार कार्डावर असेल की. "ती शमीम न्हाई," ते म्हणाले. "ती पोलिसानं धरलेली बाई हाय."

मग एक निगेटिव्ह सापडली. खुर्चीवर कुणी शेतकरी, मागे पांढरी चादर. पडद्यासाठी ती चादर आडून भाभीच धरायच्या, आणि वरच्या काठावर त्यांची चार बोटं आली होती. गिऱ्हाइकाचा फोटो छापताना मुनीरभाई पुठ्ठ्याची पट्टी धरून ती बोटं झाकायचे. आता त्यांनी नवा पुठ्ठा कापला. त्यात शेतकरी झाकला आणि बोटं मोकळी सोडली.

परवा दुपारी मला खोलीत बोलावलं. दार लावलं, शेवटचा कागद काढला. लाल उजेडात, कॉफीच्या पाण्यात, चार बोटं हळूहळू वर आली. चादर घट्ट धरलेली, एक नख तुटलेलं.

"आता पक्का करा, म्हणजे उजेडात काळा पडणार नाही," मी म्हणालो.

"पक्का करायची पावडर संपली. नांदेडलाबी नाव कळंना कुणाला."

"मग कागद कशाला घालवला?"

"तसाबी मरून राहिला होता. जुना झाला."

मी मोबाईल काढला, निदान त्यात तरी घ्यावा म्हणून. त्यांनी माझा हात धरला. "त्याचाबी उजेड पडतोय. काळी पडंल मग ती." आणि ट्रे हलवत राहिले.

बाहेर माझं गिऱ्हाईक हाका मारत होतं. मी उठलो.

"दिगूभाऊ," ते ट्रेवरून नजर न काढता म्हणाले, "थोडं बसता का? तुमी गेलं की दार उघडावं लागंल."

मी बसलो. पण ते दार कधीतरी उघडावंच लागणार होतं, हे दोघांनाही कळत होतं.