फिदेन्सिओने घास घेतला

बायकांच्या विणकाम मंडळाच्या पाटीवर फिदेन्सिओने एकच शब्द रंगवला होता, 'सोवात्ल', म्हणजे गावच्या बोलीत बाई. खाली कोपऱ्यात ठसठशीत लाल रंगात स्वतःचं नाव. आजवर दुसऱ्यांच्या दुकानांची नावं रंगवण्यातच जन्म गेला. स्वतःचं लिहायला पहिल्यांदाच मिळालं होतं. उद्या उद्घाटनाला अख्खा डोंगर लोटणार आणि ते वाचणार, म्हणून स्वारी खुशीत होती.

दुपारी मंडळातली तोमासा मोलेचं, म्हणजे मिरची-मसाल्याच्या दाट रश्श्याचं, भांडं घेऊन आली. गावाची रीत अशी, की ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला आधी जेवू घालायचं. त्याने घास घेतला की काम घेतलं, मग माघार नाही. फिदेन्सिओला हे काय ठाऊक नव्हतं? पण बायको माहेरी, चूल थंड आणि समोर टर्कीचं मोले. त्याने घास घेतला.

"भाऊजी, आमच्या गावी 'सिवात्ल' म्हणतात," तोमासा म्हणाली. "मंडळात निम्म्या तिकडच्याच. आम्ही काय बायका नाही?"

'सिवात्ल' बसवताना फिदेन्सिओचं नाव निम्मं झालं. तेवढ्यात पलीकडच्या डोंगरातली खुस्तिना मक्याच्या पिठाचे वाफवलेले गरम तमाले घेऊन हजर.

"आमच्यात नुसतं 'सिवात'," ती म्हणाली. "शेवटी त्ल त्ल करत बसायला आम्हाला वेळ नसतो."

आता त्याचं नाव म्हणजे कोपऱ्यातली मुंग्यांची रांग.

संध्याकाळी बायको, निकानोरा, माहेरहून परतली. तिने पाटी पाहिली आणि घेवडा गरम करून वाढला.

"काय हवंय?" फिदेन्सिओने दबकत विचारलं.

"नवऱ्याला वाढायला काही हवं असावं लागतं?"

तो निर्धास्त जेवला.

"आमच्या माहेरी 'सोआत्ल' म्हणतात," निकानोरा म्हणाली.

"अगं, जागा कुठंय?"

"त्या मुंग्या पूस की."

"माझं नाव आहे ते!"

"तुझं नाव रोज ऐकते मी. माझ्या माहेरचा शब्द या गावात कुणी ऐकलाय कधी?"

ते त्याला फार लागलं. त्याने नाव पुसलं आणि तिथे 'सोआत्ल' रंगवलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाच्या पंगतीत पाटीवरून लोकांची नजर हलेना. म्हाताऱ्या आपापला शब्द बोटाने दाखवत होत्या.

"रंगवली कुणी?" सरपंचांनी विचारलं.

फिदेन्सिओने तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच निकानोराने टर्कीची तंगडी त्याच्या ताटात वाढली. सवयीने त्याने घास घेतला.

"आम्ही बायकांनी," निकानोरा म्हणाली.