वहीतला राधाकृष्ण

श्रीगोंद्याहून जुन्या दोस्ताचं, राधाकृष्णाचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. ‘गुडघे चालतात तोवर तुमच्याकडचा धबधबा पायी जाऊन बघू. पाणी कधी असतं, कळव.’ तिसगावच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या वैजनाथरावांना खात्रीशिवाय काही लिहिणं जमत नसे. त्यामुळे उत्तर राहिलं.

अखेर भाद्रपदातल्या एका रविवारी पत्र खिशात घालून ते खात्री करायला निघाले.

राखीव वनाच्या फाटकावर रंगुबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीची वही घेऊन बसली होती. “एकट्या म्हाताऱ्या मानसाला वर सोडीत न्हाई, गुरुजी. जोडीदार कुठाय?”

“येतोय मागून,” वैजनाथराव म्हणाले आणि त्यांचे कान तापले. वहीत त्यांनी आपल्या नावाखाली राधाकृष्णाचं नाव लिहिलं.

पाणी होतं. वेणीएवढंच, पण होतं. सागाच्या सावलीत बसून त्यांनी ते तासभर पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा पाहिलं आणि पाचाला खाली आले.

“दुसरं कुठायत?” रंगुबाईनं विचारलं.

वैजनाथरावांचा पडलेला चेहरा पाहून जोडीदार घळीत पडल्याचं तिनं ओळखलं आणि शिट्टी फुंकली. दोन वनरक्षक दोर घेऊन वर धावले. मागून रानातले गुराखी गेले. कुणीतरी वैजनाथरावांना पाणी पाजून धीर दिला. घळीतून राधाकृष्णाच्या नावाच्या हाका येऊ लागल्या. आपण दोन वर्षांत एकदाही मारली नाही ती हाक सगळं रान मारतंय, हे त्यांना ऐकवेना. त्यांनी खिशातलं पत्र काढून रंगुबाईच्या हातात दिलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

तिनं पत्र दोनदा वाचलं. “उत्तर का न्हाई धाडलं?”

“पाणी असेल का, खात्री नव्हती.”

“पान्याची न्हवती, का मानसाची?”

तिनं माणसं खाली बोलावली. वैजनाथरावांनी वहीतलं नाव खोडायला पेन काढलं, तर तिनं वही मिटली.

“खाडाखोड चालत न्हाई. भाईर आल्याची सही ज्याची त्यानंच करायची. तवर तुमचं दोस्त आतच.”

सोमवारी टपाल कचेरी उघडायच्या आधीच वैजनाथराव पेटीपाशी उभे होते. पाच कार्डं फाडून सहावं जमलं होतं: ‘पाणी आहे. चुकलो. लवकर ये, रविवारपासून तू रानात हरवलेला आहेस. सही केल्याशिवाय सुटका नाही.’

‘चुकलो’ आधी हवं होतं का, असं त्यांच्या मनात आलं. तोवर कार्ड पेटीत पडलं होतं.