बिसेन गुरुजींचा चौकोन

गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर माझ्या अर्ज लिहिण्याच्या मेजापाशी अर्जदारांची रांग लागली, की निवृत्त गणितशिक्षक बिसेन गुरुजी प्रत्येकाकडे दोन आकडे मागत. कोणाचा वारसा, कोणाचा बांध, याची त्यांना पर्वा नसे.

"कोणतेही सांगा. उणे चालतील."

त्यांच्या वहीत एक चौकोन होता. वरच्या ओळीत दोन व उणे एक. खालच्या ओळीत उणे एक व दोन. यास ते धननिश्चित आव्यूह म्हणत. मिळालेले आकडे त्यात घातले, की उत्तर शून्याच्या वरच येई. कारण पहिल्याचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग आणि दोहोंतील फरकाचा वर्ग, यांची ती बेरीज होय. माझे शिक्षण चौथीपर्यंत झालेले असल्याने मला हे तत्काळ पटले.

"तीन अन् उणे पाच," दवनीवाड्याचा शेतकरी म्हणाला.

"नऊ, पंचवीस, चौसष्ट. अठ्ठ्याण्णव! वरच!"

त्यांच्या खिशात वह्या तपासायची, टोक काढलेली लाल पेन्सिल असे. ती वापरताना मी त्यांना पाहिले नव्हते.

एकदा त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला: आठवड्यास एक तास, विनावेतन, शाळेत शिकवू द्यावे. सोबत चौकोन जोडला. साक्षीविना जोडपत्रास वजन नसते, म्हणून मी रांगेतील दोघांचे आकडे घालून, खाली 'समक्ष पडताळले' असे लिहून, अंगठे घेतले.

"अहो, दोन अंगठ्यांनी हे सिद्ध होत नाही! सगळ्या आकड्यांसाठी दाखवावं लागते!"

"गणितात नसेल होत, गुरुजी. कचेरीत होते."

महिन्याने शाळेचे उत्तर घेऊन ते आले. मी वाचले: आवश्यकता नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बाकावर बसून राहिले.

केशोरीच्या एका बाईने रांगेतून हटकले, "काऊन गुरुजी, आज आकडे नाही मागून राहिले? घ्या, शून्य अन् शून्य!"

"तेवढ्यालाच शून्य येते, बाई," ते हळूच म्हणाले. "कोणी काहीच नाही दिलं, तं चौकोन तरी काय करेल?"

मी तिचा अर्ज बाजूस ठेवला व कोरा कागद घेतला.

"गुरुजी, चार आणि उणे एक. आज मीच करतो." सोळा, उणे एक, पंचवीस. "चाळीस. वरच आहे."

त्यांनी वाकून पाहिले. "उणे एकाचा वर्ग उणे? कोणत्या शाळेत शिकले तुम्ही?" त्यांचा हात खिशाकडे गेला आणि थबकला.

वीस वर्षांत माझ्या लिखाणावर कोणी खूण केलेली नव्हती. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला.