मिशीआडचे साहेब

मालकीणबाईंचा फोन ठेवल्या ठेवल्या मॅनेजरसाहेबांनी कॅलेंडरवरच्या शुक्रवारभोवती लाल गोल काढला. मालकीणबाई कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या होत्या, आणि परिषदेहून परतलेल्या मालकीणबाई म्हणजे छापखान्याच्या डोक्याला ताप, हे साहेबांना अनुभवाने ठाऊक होतं. या खेपेचा विषय होता समावेशन. "वेगळ्या माणसांना आपलंसं करायचं. नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं. शुक्रवारी येते मी. आणि पोस्टर चालणार नाही हां," असं त्यांनी बजावलं होतं.

साहेबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. 'इथे सर्वांना स्थान आहे' हे पोस्टर मागच्या परिषदेनंतर लावलेलं होतं. त्यापलीकडे काही केल्याचं त्यांना आठवेना.

'हिला बसल्या जागी काही सुचतं, आणि धावायचं आम्ही,' साहेब पुटपुटले. पुटपुटले म्हणजे आवाज केला नाही, नुसते ओठ हलवले. ही त्यांची जुनी सवय. मनात येईल ते ओठांनी बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांची झुपकेदार मिशी वरच्या ओठावरून उतरून खालच्यावर टेकलेली, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नसे. मालकीणबाईंच्या तोंडावर ते कित्येक वर्षं त्यांना वाट्टेल ते बोलत आले होते आणि नोकरी शाबूत होती.

त्यांनी लगेच अकाउंटंटला आणि मशीनवाल्या काकांना बोलावून समिती स्थापन केली.

"आपल्याकडे वेगळं कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"प्रूफवाल्या मॅडम," अकाउंटंट म्हणाला. "त्यांना ऐकू येत नाही."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर छापला जायचा आणि तो मॅडमनी तपासल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. एक टिंब सुटलं तरी कुणाच्या तरी पोटात भलतीच मात्रा जाणार, या भीतीने साहेबांची झोप उडायची. मॅडम आल्यापासून त्यांना झोप लागत होती. अशा बाईंसाठी आपण आजवर काहीच केलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आपण खुणांची भाषा शिकू या," ते म्हणाले. "शुक्रवारी सगळ्या स्टाफने हातांनी मॅडमचं स्वागत करायचं. मालकीणबाईंच्या समोर."

"मग मॅडमना घ्यायचं का समितीत?" काकांनी विचारलं.

"त्यांच्यासाठीच तर आहे ना समिती! त्यांना घेतलं तर गंमत काय राहिली?"

सराव कागदाच्या गोदामात सुरू झाला. अकाउंटंटने मोबाइलवर व्हिडिओ शोधला होता आणि सगळे त्याच्याबरोबर हात हलवत होते. काकांचे हात मशीनवर जन्म घालवून जाड झालेले, ते 'स्वागत' म्हणायला गेले की शेजारचा मागे सरकायचा. मंगळवारी हा प्रकार रंगात आलेला असताना मॅडम कागदाचा नमुना घ्यायला आत आल्या. सगळ्यांचे हात होते तिथेच थांबले.

"व्यायाम," साहेब म्हणाले आणि उगाच कंबरेत वाकले.

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, "हो" म्हणाल्या आणि नमुना घेऊन गेल्या. बुधवारपर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण दिसलो की माणसं गप्प होतात आणि दारं लागतात. त्यांनी अकाउंटंटला गाठलं.

"खरं सांगा. मला काढताय का?"

अकाउंटंटने गुप्ततेची शपथ घेतलेली. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. मॅडमना जे समजायचं ते समजलं.

घरी साहेब आरशासमोर सराव करत होते. बायको चहाचा कप घेऊन मागे उभी.

"अहो, त्या मिशीला कात्री लावा. मी चहा गाळून देते, तुम्ही तो परत मिशीतून गाळता."

"बाबांचं वळण आहे ते."

"बाबांना शोभायचं. ते निदान मोठ्याने तरी बोलायचे. तुम्ही काय बोलता ते मलासुद्धा अंदाजाने घ्यावं लागतं."

साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि आरशाला पुन्हा एकदा हातांनी आपलंसं केलं.

गुरुवारी मॅडमनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. संध्याकाळी मशीनवाले काका धापा टाकत केबिनमध्ये आले. त्यांची मेहुणी पलीकडच्या छापखान्यात कामाला होती. "साहेब, मॅडम तिकडे मुलाखत देऊन आल्या. ते घ्यायला तयार आहेत. सोमवारपासून."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी ज्यांचं स्वागत करायचं त्याच निघून चालल्या, तर मालकीणबाई काय म्हणतील हे पुढचं. टिंबं कोण बघणार? मॅडम पर्स न्यायला परत आल्याच होत्या, त्यांना साहेबांनी केबिनमध्ये बसवलं आणि काळजाला हात घालणारं बोलायचं ठरवलं. "मॅडम, तुमच्यावाचून हा छापखाना चालणार नाही. उद्या तुम्हाला सगळं कळेल. पण जाऊ नका. राहाल ना?"

मॅडम त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होत्या. मग हळूच "हो" म्हणाल्या. साहेबांच्या जिवात जीव आला. त्या रात्री त्यांना झोपही लागली.

शुक्रवारी मालकीणबाई आल्या. स्टाफ ओळीने उभा राहिला. मॅडम आपल्या टेबलावरचं सामान एका खोक्यात भरत होत्या, त्यांना पुढे आणून उभं केलं. अकाउंटंटने मान हलवली आणि सगळे हात एकदम वर गेले. काकांनी शेजाऱ्याचा चष्मा पाडला, तरी कार्यक्रम थांबला नाही. मालकीणबाईंचे डोळे भरून आले.

मॅडम इकडून तिकडे बघत राहिल्या. "काय चाललंय हे?"

"अहो, तुमच्या खुणांच्या भाषेत तुमचं स्वागत करताहेत," मालकीणबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या.

"मला नाही येत ही भाषा. माझे कान लग्नानंतर गेले, तापात. मी ओठ वाचते."

काकांचा एक हात अजून वरच होता, तो त्यांनी खाली घेतला.

"मग तुम्हाला हवं तरी काय?" मालकीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न आजवर मॅडमना इथे कुणी विचारला नव्हता.

"एका वेळी एकाने बोलावं. माझ्याकडे तोंड करून. आणि..." त्या साहेबांकडे वळल्या. "राग मानू नका, साहेब, पण या मिशीमुळे तुमचा एकही शब्द मला आजवर दिसलेला नाही. मी हो म्हणते आणि मग अकाउंटंटना विचारते."

"पण काल? केबिनमध्ये? तुम्ही हो म्हणालात!"

मालकीणबाईंनी हा प्रश्न मॅडमना पुन्हा सांगितला.

"काल वाटलं, तुम्ही मला काढलंत. म्हणून हो म्हटलं. आता काय वाद घालायचा."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बाइंडिंगच्या टेबलावरची कात्री घेऊन मोरीकडे गेले. परत आले तेव्हा लोकांना त्यांचे ओठ पहिल्यांदाच दिसले. मिशी एका बाजूला जरा जास्तच उडाली होती. ते मॅडमसमोर उभे राहिले.

"जाऊ नका," ते म्हणाले.

"हे दिसलं," मॅडम म्हणाल्या. "विचार करते."

मालकीणबाईंना राहवेना. त्या खुर्चीवर हात टेकून समावेशनावर बोलू लागल्या. परिषदेत काय झालं, त्या स्वतः तिथे काय म्हणाल्या, सगळं सुरुवातीपासून. साहेब मान डोलवत ऐकत होते आणि मॅडमचा विचार काय होतो या काळजीत त्यांचे ओठ जुन्या सवयीने आपोआप हलू लागले. 'घ्या, सुरू झालं हिचं. आता चहा गार होईस्तोवर थांबायची नाही. मिशी माझी गेली आणि टाळ्या हिला.'

मॅडम खळखळून हसल्या. मालकीणबाई दचकून थांबल्या. "काय झालं?"

"काही नाही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "मी राहते. आता इथल्या बैठकांना मजा येणार."

साहेबांच्या लक्षात आलं तसा त्यांनी घाईघाईने तोंडावर हात धरला.

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "हात काढा. आत्ताच ठरलंय ना आपलं?"