सरळ रेषेतला हेअरकट

बायकोच्या पार्लरमध्ये काम कमी आणि गप्पा जास्त चालतात, असं थोरल्याचं ठाम मत होतं. तो कारखान्यात यंत्रं बसवायचा आणि यंत्रांशी कधी बोलावं लागत नाही. त्यामुळे धाकट्या भावाची मुलाखत उद्यावर आली, त्याच्या डोक्यावरचं जंगल तसंच राहिलं आणि बायको एका गिऱ्हाइकाच्या घरी अडकली, तेव्हा थोरल्याने तिच्याच पार्लरमध्ये बाह्या सरसावल्या.

"वहिनी येईल ना थोड्या वेळात," धाकटा चाचरत म्हणाला. परक्या माणसापुढे त्याची बोबडी वळायची. आधीच्या नोकऱ्या त्यापायीच हातच्या गेल्या होत्या, आणि ही गेली तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

"कात्री आहे, फूटपट्टी आहे. आणखी काय लागतं? बस गुपचूप."

थोरल्याने त्याचे कुरळे केस ओले केले, विंचरून सरळ केले, भुवईवर फूटपट्टी धरली आणि रेघ मारल्यासारखे कापले. काम फत्ते. मग त्याला आठवलं, बायको या वेळी गप्पा मारते.

"बरं, उद्या तिथे काय बोलणार आहेस?" असं विचारत त्याने कानामागे कात्री चालवली. उत्तर द्यायला धाकट्याने गर्रकन मान वळवली आणि भलामोठा पुंजका खाली पडला.

"हलतोस कशाला?"

"तू विचारलंस म्हणून."

मग डावी बाजू उजवीला जुळवली, उजवी डावीला. थोरला माघार घेणाऱ्यातला नव्हता. शेवटी त्याने ड्रायर लावला. केस वाळले, पुन्हा कुरळे झाले आणि भुवईवरची रेघ चढत चढत कपाळाच्या मध्यावर जाऊन बसली. आरशात पाहून धाकटा रडकुंडीला आला.

तेवढ्यात बायको आली. कात्रीला हात न लावता तिने आधी खुर्ची फिरवून त्याची पाठ आरशाकडे केली. "काय काय झालं, पहिल्यापासून सांग बघू."

"गप्पा नंतर मार, आधी केस बघ," थोरला म्हणाला.

"केसच बघतेय. बोलताना याची मान कुठे कलते ते कळल्याशिवाय कापू कुठून? आणि तो दम घ्यायला थांबला की कात्री चालवायची. तुम्ही जरा केर काढा."

धाकटा अडखळत सांगू लागला. ती "मग?" म्हणायची, थोडं कापायची, पुन्हा "मग?" म्हणायची. फूटपट्टीपर्यंत येता येता त्याला रंग चढला आणि ड्रायरच्या प्रसंगाला तर त्याने थोरल्याची नक्कलच केली. केस अगदी बारीक झाले, पण चेहरा खुलून दिसत होता. थोरला केर काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन आला. नोकरी मिळाली होती.

"साहेबांनी विचारलं, ऐन वेळी काम बिघडलं तर काय करता? मी कालची सगळी हकिगत सांगितली. सगळे पोट धरून हसले. वहिनी, एकदाही अडखळलो नाही गं."

तिला भरून आलं. ती काही बोलणार, तोच थोरल्याने फोन ओढून घेतला.

"बघ. मी बिघडवलं नसतं तर सांगितलं काय असतंस?"

बायकोने फोन परत ओढून घेतला. पंचाईत अशी, की त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.